पऱ्हाटीचा रस्ता

कापूस वेचून संपला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात त्यांना आमच्याकडे पऱ्हाटी म्हणतात. उन्हाळा तापायच्या आत ती उपटायची, चुलीपुरती घरी आणायची आणि उरलेली बांधावर ढीग घालून पेटवून द्यायची, हे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला लहानपणापासून बघत आले. त्या धुराचं कोणाला काही वाटत नसे. पुढे मी रस्त्यांची अभियंता झाले आणि पंचवीस वर्षं दुसऱ्या एका धुरात उभी राहिले, तो डांबराचा. पहिला धूर शेतकऱ्याचा आणि दुसरा सरकारचा, एवढाच काय तो फरक.

डांबर म्हणजे खनिज तेलाचा तळाशी उरलेला गाळ. पेट्रोल, डिझेल, रॉकेल सगळं काढून घेतल्यावर जे कोणालाच नको असतं ते आम्ही रस्त्यावर घालतो. ते तापवावं लागतं, तापवायला पुन्हा तेलच जाळावं लागतं, आणि त्या वाफेत बायका पायांना पोत्याचे तुकडे बांधून घमेली वाहतात. माझं काम बाजूला उभं राहून ओरडण्याचं. तरी संध्याकाळी घरी गेले की बाबा दारातूनच म्हणायचे, "आलं का आमचं डांबर?" दोनदा डोकं धुतलं तरी केसांतला वास जायचा नाही. बाबांना दमा होता, त्यांना तो सोसत नसे. पण मी कपडे बदलून येईपर्यंत ते दारातच बसून राहायचे, आत जायचे नाहीत.

माझं लग्न राहून गेलं. ठरवून नव्हे, एस.टी. चुकते तसं. पुढची येईल म्हणून थांबले आणि मग थांब्यावर आपणच उरलोय हे लक्षात आलं. आई लवकर गेली, भाऊ पुण्याला राहिला, उरलो बाबा आणि मी. बाबा गेले त्याच वर्षी माझी बदली आर्णीला झाली. तिथे एका कृषी केंद्राच्या वर दोन खोल्या घेतल्या. खाली खताचा वास, वर माझा डांबराचा. दिवसभर मी कंत्राटदारावर, रोलरवाल्यावर, नाहीतर मोबाईलवर ओरडत असे, आणि घरी आले की ओरडायलाही कोणी नसे. भाऊ रविवारी फोन करायचा आणि "जेवलीस का?" विचारायचा. मला त्या प्रश्नाचा राग यायचा. एखाद्या रविवारी फोन आला नाही की त्याहून जास्त राग यायचा.

अशा दिवसांत ते पत्र आलं. एका संशोधन संस्थेनं पऱ्हाटीपासून डांबरासारखा एक चिकट पदार्थ तयार केला होता. प्रयोगशाळेत तो ठीक चालला होता. आता त्यांना खराखुरा रस्ता हवा होता, दोनशे मीटरचा, खरीखुरी बैलगाडी आणि खराखुरा पाऊस झेलणारा. तीन पावसाळे टिकला तर पुढचे रस्ते त्या पद्धतीनं करायचे. पत्र आमच्या कार्यालयात टेबलाटेबलावरून फिरलं. साहेब म्हणाले, "पऱ्हाटीचा रस्ता? मॅडम, उद्या कडब्याचा पूल बांधाल." कोणालाच ती कटकट नको होती, म्हणून ती माझ्याकडे आली. एकटी बाई आहे, हिला वेळ भरपूर आहे, असं सगळ्यांना वाटलं. आणि ते खरंच होतं.

पण मला तो रस्ता टिकायला हवा होता. हट्टानं हवा होता. आजवर मी बांधलेले रस्ते दर दोन-चार वर्षांनी उखडले आणि दर वेळी तोच गाळ आणून पुन्हा ओतला. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. हा टिकला तर पऱ्हाटी जाळायची थांबेल, वाफेतल्या बायकांना कमी ताप सोसावा लागेल, आणि मी या जिल्ह्यात काहीतरी केलं असं म्हणता येईल. नाही टिकला तर फाईल बंद होणार होती, आणि अशी फाईल आमच्याकडे पुन्हा कोणी उघडत नाही.

पऱ्हाटीचे बारीक तुकडे करायचे, बंद टाकीत हवा न लागू देता तापवायचे. आत कोळसा उरतो आणि जी वाफ निघते ती थंड केली की काळपट तपकिरी, चिकट रस मिळतो. मजुरांनी पहिल्याच दिवशी त्याला काढा म्हणायला सुरुवात केली. वास अर्धा गुऱ्हाळाचा, अर्धा जळक्या लाकडाचा. डांबरातला काही हिस्सा काढून तेवढा हा काढा घालायचा, मग खडीचा मसाला तितका तापवावा लागत नाही. सगळं डांबर काढून टाकता येत नाही, अजून तरी नाही. कार्यक्रमांतून लोक 'डांबरमुक्त' वगैरे बोलतात तेव्हा माझं डोकं फिरतं.

जागा ठरली ती आर्णीपासून आत, एका बंजारा तांड्याकडे जाणाऱ्या रस्त्याची. पऱ्हाटीही त्याच लोकांच्या वावरांतून आणली होती. काम सुरू व्हायच्या आधी तांड्याच्या चौकात बैठक झाली आणि मी भाषण केलं. भाषण मला येत नाही, पण त्या दिवशी अंगात आलं होतं. "हा रस्ता सरकारचा नाई," मी म्हटलं, "तुमच्या वावरातल्या पऱ्हाटीचा हाय. याले आपल्या आंगणासारखं जपा." लोकांनी माना डोलावल्या. मागून एकानं विचारलं, "बकऱ्या त खाऊन टाकणार नाईत न म्याडम?" सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाताना मनात आलं की हा मुद्दा संस्थेला विचारायला हवा.

तांड्यातलं पहिलं घर एका म्हातारीचं होतं. सत्तरीच्या पुढची, बारीक अंगाची, कोपरापर्यंत जुन्या पांढऱ्या बांगड्या. तिला सगळे याडी म्हणायचे, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. नवरा केव्हाच गेलेला. मुलगा आणि सून पुण्याला इमारतींच्या कामावर, वर्षातून एकदा पेरणीला येणारे. रस्त्याची रुंदी तिच्या उंबऱ्याला टेकत होती, म्हणजे तिचं आंगण रस्त्यात जाणार होतं. संमतीचा कागद घेऊन मी गेले तेव्हा तिनं तो वाचून दाखवायलाही सांगितलं नाही. "आमच्या बापदाद्यानं बैलाच्या पाठीवर मीठ लादून रस्ते पाडले," ती म्हणाली. "आता रस्ता माह्या दारात येऊन राह्यला त नाई कायले म्हणू? कुठीसा लावू अंगठा?" मला बरं वाटलं. एक कागद कमी झाला.

रस्ता जानेवारीत झाला. काळ्याऐवजी गडद तपकिरी, ऊन पडलं की किंचित तांबूस. पंधरा दिवसांनी मी झिजेची मापं घ्यायला सकाळी लवकर स्कूटीवरून गेले. पाहते तर याडी माझ्या नव्याकोऱ्या रस्त्यावर शेणाचा सडा टाकत होती. दारापुढे सहा-सात हात, कडेपर्यंत, हात फिरवून नीट. बाजूला रांगोळीची वाटी ठेवलेली.

"याडी, हे काय करून राह्यली?"

"सडा टाकून राह्यली."

"रस्त्यावर?"

"तूच त म्हणलं व बाई, आंगणासारखं जपा म्हणून. डांबरावर कोणी सडा टाकत नाई, थे तेलाचं. हे त माह्या वावरातलं झाड होय."

मला हसू आलं. बोललेलं इतकं मनावर घेणारं माणूस मला पंचवीस वर्षांच्या नोकरीत भेटलं नव्हतं. त्याच दिवशी मी तिला थांबवायला हवं होतं. झाडापासून केलेला हा काढा पाण्याला डांबरापेक्षा कच्चा, हे संस्थेच्या कागदात पहिल्याच पानावर होतं. पण तिनं आतून चहा आणला, बकरीच्या दुधाचा, आणि उंबऱ्यावर बसायला पोतं टाकलं. मी बसले.

मापं आठवड्यातून एकदा घ्यायची होती. मी आठवड्यातून तीनदा जायला लागले, मग जवळजवळ रोज. कार्यालयात निरीक्षण म्हणून सांगायची. निरीक्षण पाच मिनिटांत व्हायचं आणि चहाला अर्धा तास लागायचा. आम्ही मोठं काही बोलत नव्हतो. तिचे गुडघे, माझी कंबर, तिच्या दोन बकऱ्या, त्यांतली एक फारच शहाणी. एकदा तिनं विचारलं, "तुले कोणीच नाई का व?"

"भाऊ हाय. पुण्याले असते."

"माहा पोरगा बी पुण्यालेच. मंग त आपण दोघी एकाच गावच्या झालो."

मी खूप हसले. परतताना स्कूटी कडेला लावून डोळे पुसावे लागले. माझ्याशी 'आपण दोघी' असं कोणी बोलून किती वर्षं झाली होती, हे मला तोवर कळलंच नव्हतं.

सकाळ अशी सुधारली, संध्याकाळ मात्र होती तशीच होती. एका संध्याकाळी मी वही घेऊन बसले आणि खोलीतल्या कोणकोणत्या वस्तू तेलातून आल्या आहेत ते लिहायला लागले. बादली, मग, कंगवा, टूथब्रश, चपला, खुर्ची, ताटल्या, पडदा, अंगावरची साडी, देवापुढची न सुकणारी फुलं. दुसऱ्या पानावर गेल्यावर थांबले. रस्त्याला नावं ठेवणारी मी रस्त्यापेक्षा जास्त तेलात राहत होते. मग हळूहळू बदलायला घेतलं. दोडका वाळवून त्याची घासणी केली, नायलॉनची दोरी काढून अंबाडीची आणली, ताटल्या टाकून पळसाच्या पत्रावळी आणल्या. एकटीनं पत्रावळीवर जेवायला बसले तेव्हा मात्र लग्नाच्या पंगतीत फार उशिरा पोचल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टीलचं ताट विकत घेतलं. हे सगळं मी याडीला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या घरी त पहलेपासून असंच हाय, तुले येवढं शिकाले कायले लागलं?"

पहिला पावसाळा रस्त्यानं छान काढला. चढ, उतार, वळण, सगळीकडे पृष्ठभाग घट्ट. फक्त याडीच्या दारापुढे हात फिरवला की तळव्याला बारीक खडी चिकटायची. रोज सकाळी ओल, वर शेण, ते वाळायच्या आत दुसरी सकाळ. खडीवरचा काढ्याचा पातळ पापुद्रा सुटत होता. मला ते पहिल्याच नजरेत कळलं. रजिस्टरात त्या जागेपुढे मी 'सामान्य झीज' असं लिहिलं. पंचवीस वर्षांत कंत्राटदारांचं खोटं मी पानापानावर पकडलं होतं. माझं स्वतःचं दोन शब्दांत बसलं.

वर्षभर मी तेच दोन शब्द लिहीत राहिले. दर वेळी ठरवायची, आज चहा झाल्यावर सांगू. चहा झाल्यावर वाटायचं, उद्या.

दुसऱ्या पावसाळ्यात तो तुकडा उघडाच पडला. खडी सुटून कडेला जमायला लागली, तांड्यातला एक मोटारसायकलवाला तिथे घसरला आणि गुडघा फोडून घेतला. संस्थेतल्या ज्या शास्त्रज्ञांशी माझं बोलणं चाले, त्यांनी फोटो बघून फोन केला. "बाकी रस्ता उत्तम आहे," ते म्हणाले. "पण समिती येईल तेव्हा हाच तुकडा बघेल आणि म्हणेल, हे पाण्यात टिकत नाही. सगळं तिथेच संपेल. तिथे रोज पाणी पडतं का काही?"

"बघते," मी म्हटलं. बघायचं काही शिल्लक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्कूटीवर मी वाक्यं घोकत गेले. याडीनं नेहमीसारखं पोतं टाकलं. मी बसले नाही, उभ्यानंच सांगितलं. साहेबांसमोर बोलते तशा आवाजात बोलत होते, ते मलाच ऐकू येत होतं. समिती येणार, रस्ता नापास होईल, मग पुन्हा तेच डांबर, तोच धूर. वाफेतल्या बायकांचंही सांगितलं. सगळं खरं होतं. ती बादलीवर हात ठेवून ऐकत राहिली.

"सडा नाई टाकला त कसं होईन?" ती म्हणाली. "तांड्यात अर्ध्या घराईले कुलपं हायेत. दारापुढं सडा नसला का लोकं समजतात, हे बी गेले. सकाळी वावरात जाणारे पाह्यतात. सडा पडला म्हणजे म्हातारी उठली."

"थोडे दिवस, याडी. एक पावसाळा."

तिनं बादलीवरचा हात काढला. मग म्हणाली, "इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

खरं उत्तर होतं, तुझ्याकडचं बसणं बंद होईल म्हणून. ते मी बोलले नाही. "माह्या ध्यानात नाई आलं," म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं कळलं असावं, कारण तिनं पुढे विचारलं नाही.

"बरं," ती म्हणाली. "तुह्या रस्त्याले माह्यापायी डाग नको." आणि बादलीतलं शेणपाणी तिनं घराच्या मागे नेऊन ओतलं.

दुसऱ्या दिवसापासून दारापुढचा रस्ता कोरडा. आम्ही खराब झालेला तुकडा कापून काढला, त्याच मसाल्यानं पुन्हा भरला, रोलर फिरवला. समितीला मी लेखी कळवलं की तिथे रोज पाणी पडत होतं आणि मला ते पहिल्या वर्षापासून माहीत असून मी थांबवलं नाही. कार्यालयाकडून मला ताकीद मिळाली, ती बरोबरच होती. समितीनं दुरुस्ती मान्य केली आणि एक पावसाळा आणखी बघू म्हणाली. रस्ता वाचला.

तांड्यात मात्र बोलणं पसरलं की म्हातारीनं सरकारी रस्ता खराब केला. तो घसरलेला मोटारसायकलवाला ते हसत सांगायचा. मी त्याला एकदा चांगलं झापलं, पण झापून असलं काही थांबत नाही.

माझं जाणं कमी झालं. तिला लाज वाटली असेल असं स्वतःला सांगायची, पण लाज मला वाटत होती. आधी आठवड्यातून एकदा, मग ती बकऱ्या घेऊन जाते त्या वेळी, म्हणजे दहा-अकराला. कधी दुरून दिसली तर हात करायची. तीही करायची. पुन्हा कोणाशी न बोलता दिवस जायला लागले, आणि या वेळी ते मला आधीपेक्षा जड गेले. आधी काय नाही ते माहीत नव्हतं, आता माहीत होतं.

तिसऱ्या पावसाळ्यात, श्रावण संपता संपता, मी एका सोमवारी मापं घ्यायला गेले तर याडीच्या घराला कुलूप. शेजारची बाई तिच्याच बकऱ्यांना पाला टाकत होती. तिनं सांगितलं ते असं. मागच्या सोमवारी पहाटे याडी न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. उठता आलं नाही, आवाज शेजारपर्यंत पोचेना. ती तशीच पडून राहिली, पुरता दिवस आणि पुरती रात्र आणि दुसरा अर्धा दिवस. शेवटी बकऱ्यांचं ओरडणं थांबेना म्हणून या बाईनं मागच्या बाजूनं जाऊन पाहिलं. यवतमाळला नेलं, शस्त्रक्रिया झाली. मुलगा आला आणि तिला पुण्याला घेऊन गेला.

"पहले सडा दिसे," ती बाई म्हणाली. "नाई दिसला का आम्ही आवाज देत जावो, याडी, उठली का म्हणून. आता त सडा रोजच नाई. कोणाले काय मालूम, पडली का झोपली?" तिच्या बोलण्यात माझ्यावर राग नव्हता. माझा याच्याशी काही संबंध आहे हे बहुधा तिच्या मनातही आलं नसावं.

मी आर्णीला येऊन रजिस्टर उघडलं. मागच्या सोमवारची नोंद होती, माझ्या अक्षरात. सकाळी अकराची. दुरुस्त केलेला भाग, खडी सुटलेली नाही, पृष्ठभाग उत्तम. म्हणजे त्या वेळी मी तिच्या दारासमोर गुडघ्यांवर बसले होते. खराट्यानं तो तुकडा झाडला होता, पट्टी लावली होती. बकऱ्या ओरडत होत्या हेही मला आठवलं. दार लोटलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते बघून मला हायसं वाटलं होतं, की आज तिच्याशी बोलावं लागणार नाही. मी भराभर आकडे लिहिले आणि निघाले.

त्यानंतर बरेच दिवस मला एकच गोष्ट छळत राहिली. एक फरशी. उंबऱ्यापुढे, रस्त्याच्या कडेला, एक शहाबादी फरशी टाकून दिली असती तर तिनं त्यावर सडा टाकला असता, रांगोळी काढली असती, रस्त्याला थेंब लागला नसता. माझ्याच साईटवर तसल्या तुटक्या फरशा पडलेल्या असतात. डांबराला पर्याय शोधण्यात मी तीन वर्षं घातली, घासणीला शोधला, दोरीला शोधला, ताटल्यांना शोधला. तिच्या आंगणाला पर्याय शोधावा हे मला सुचलंच नाही. मी तिला फक्त बंद कर म्हटलं.

रस्ता पास झाला. दिवाळीनंतर समिती आली, रस्त्यावरून चालली, तपकिरी रंगाचं कौतुक केलं, एकानं वाकून वास घेतला. पुढच्या सहा किलोमीटरला मंजुरी मिळाली. कार्यालयात माझा सत्कार झाला, शाल आणि नारळ. साहेब म्हणाले, आमचा आधीपासून विश्वास होता. मला त्यांच्याशी भांडायचाही कंटाळा आला.

त्या संध्याकाळी मी शेजारच्या बाईकडून घेतलेला पुण्याचा नंबर लावला. मुलानं फोन उचलला आणि तिच्या कानाला लावला. मागे मिक्सर मशीनचा आवाज येत होता. ते साईटवरच पत्र्याच्या खोल्यांत राहतात.

"कोण? रस्त्यावाली बाई?"

"हो याडी. कशी हायेस?"

"हाये. काठीनं चालतो थोडं थोडं. रस्ता पास झाला का तुहा?"

"झाला."

"माह्या दारापुढची खडी निंगते का अजून?"

"नाई निंगत."

"चांगलं झालं व. मले तेच लागून होतं, माह्यापायी तुहं काम अडते का काय."

तेवढ्यावरच फोन ठेवावासा वाटला. पण एक गोष्ट सांगायलाच तर फोन केला होता. मी म्हटलं, "याडी, तू पडली न, त्या दिवशी मी तुह्या दारातच होती. अकरा वाजता. मी आत पाह्यलं नाई."

मागचं मशीन बंद झालं होतं, तिचा आवाज आता स्वच्छ येत होता.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "तुहा खराटा ऐकू आला. बाकी कोण झाडते थो रस्ता? मी दोन खेपा हाक मारली तुले. पण पाऊस लय होता न बाई त्या दिवशी, तुले ऐकू नसन आलं."

त्या दिवशी पाऊस नव्हता. ओल्या रस्त्यावर ती मापं घेताच येत नाहीत. मी तिला म्हटलं, हो याडी, पाऊस लय होता.